अद्याप नाही

ज्याच्या हाती कला आहे, तो अडखळणाऱ्याचे काही देणे लागतो काय?

योहान सेबास्तियन बाख ऑर्गन, हार्पसिकॉर्ड, व्हायोलिन अशी अनेक वाद्ये लीलया वाजवीत असे. १७०३ साली, वयाच्या १८व्या वर्षी, तो आर्नश्टाट येथील चर्चचा ऑर्गनवादक झाला. तेथील कच्च्या विद्यार्थ्यांना घेऊन संगीत बसविण्यास मात्र तो नाखूश असे. १७०५ मध्ये बसून हे वाद्य वाजविणाऱ्या एका विद्यार्थ्याला हिणवल्यावरून प्रकरण हातघाईवर आले, आणि आमच्या या संगीतकाराने चक्क तलवार उपसली!

१७२३ पासून तोच बाख लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेत मुलांना शिकवू लागला. १७३० साली त्याने नगरपरिषदेला दिलेल्या निवेदनात मुलांची वर्गवारी आहे : १७ उपयुक्त, २० अद्याप उपयुक्त नाहीत, १७ अपात्र. निवेदन कडवटच आहे. तरी मधल्या आकड्यापाशी मी थबकतो. ‘अद्याप’ हा शब्द शिक्षकालाच सुचतो.

पण उरलेल्या १७ जणांचे काय? उपासनेतील संगीत निर्दोष असावे, हेही खोटे नाही. गायनवृंदासाठी मुले निवडताना मीही एका बेसूर मुलाला घरी पाठविले होते. तो अजून मिस्साला येतो, मागच्या बाकावर बसतो. गीत सुरू झाले, की ओठ मिटून घेतो.