हापशाचा वॉशर

परदेशी मदतीचा हिशेब बहुधा उद्घाटनाच्या दिवशीच मांडला जातो. किती बोअर घेतले, किती गावांना पाणी मिळालं, हे अहवालात जातं. खरी परीक्षा मात्र पुढे, हापशाचा वॉशर झिजतो तेव्हा होते.

या परीक्षेत भारतातली मदतही एकदा नापास झाली होती. 1966-67च्या बिहारमधल्या दुष्काळानंतर युनिसेफने कठीण खडक फोडणारी यंत्रं आणली. बोअरवर ओतीव लोखंडाचे पंप बसले. युरोप-अमेरिकेत एकेका शेतकरी कुटुंबासाठी घडवलेल्या पंपांच्या त्या नकला होत्या. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव त्यांवर हापसत होतं. 1974च्या सुमारास पाहणी झाली, तेव्हा चारांतले तीन पंप बंद निघाले. पैसा होता, तळमळ होती, जमिनीत पाणीही होतं. रोज रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईचा विचार तेवढा राहून गेला होता.

यावरची वाट मराठी मुलखात सापडली. आधी जालन्याच्या आणि मग सोलापूरच्या मिशनशी जोडलेल्या कार्यशाळांनी दणकट पोलादी पंप घडवला. त्याच्याच आधारे युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडासने सत्तरच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ तयार केला. परदेशी पैसा, देशी कारखाना आणि गावाची गाऱ्हाणी इथे एकत्र आली, म्हणून तो टिकला.

पुढे हाच पंप आफ्रिकेत गेला. त्याचा वॉशर बदलायचा तर जमिनीतले सगळे पाइप एकेक करून वर ओढावे लागतात. त्याला खास पाने लागतात, चार-पाच माणसं लागतात. भारतात या कामाला जिल्ह्याचं पथक होतं. तिकडे अनेक गावांत प्रकल्पाची मुदत संपली की गाडीही गेली आणि मेकॅनिकही. मग गावातच दुरुस्त होईल असा ‘आफ्रिदेव’ पंप केनिया आणि मलावीत घडला. तरीही सहाराच्या दक्षिणेला आजही साधारण चारांतला एक हातपंप बंद असतो. सुटा भाग विकणारं दुकान आणि दुरुस्ती करणाऱ्याची मजुरी यांची सोय झाल्याशिवाय सोपं यंत्रही चालत नाही.

‘गावानेच सांभाळावं’ हे तत्त्व ऐकायला उदात्त वाटतं. पण शहरात नळाला पाणी आलं नाही तर जलवाहिनी दुरुस्त करायला कुणी आपल्याला बोलावत नाही. जे ओझं आपण स्वतः उचलत नाही, ते सर्वांत गरिबाच्या खांद्यावर ठेवून त्याला स्वावलंबन म्हणणं अन्यायाचं आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र यांची कसोटी लावली आहे आणि परतफेडीची अपेक्षा वर्ज्य मानली आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉसने 1925मध्ये दाखवलं की देणं-घेणं माणसांना एकमेकांशी बांधून ठेवतं. मला दोन्ही पटतं. परतफेड मागू नये, पण नातं तोडूही नये. उपकाराची भावना सोडणं आणि जबाबदारी सोडणं यांत फार अंतर आहे.

म्हणून देणाऱ्या देशांनी नव्या बोअरची संख्या विचारताना दहाव्या वर्षी त्यांतले किती चालू आहेत, हेही विचारावं. त्या दहा वर्षांच्या दुरुस्तीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. तेवढी तयारी नसेल, तर कमी बोअर घ्यावेत आणि ते नीट चालवावेत.