पुतळ्याचा उजवा पाय

न्यू मेक्सिकोतल्या अल्काल्दे गावाजवळ हुआन दे ओन्याते या स्पॅनिश मोहीमदाराचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा होता. १९९७ साल सरता सरता कुणीतरी रात्री येऊन त्याचा उजवा पाय बुटासकट कापून नेला. डोक्याला धक्का नाही, तलवारीला हात नाही. नेमका पायच.

१५९८ मध्ये ओन्याते शेकडो माणसे आणि हजारो जनावरे घेऊन मेक्सिकोतून उत्तरेकडे निघाला. ३० एप्रिलला रिओ ग्रांदेच्या काठी त्याने देवाच्या आणि राजाच्या नावाने पुढचा सारा मुलूख ताब्यात घेतल्याचे जाहीर केले. त्यातला बहुतेक मुलूख त्याने डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. डिसेंबरात आकोमा या मूळनिवासी लोकांच्या उंच खडकावरच्या वस्तीत धान्य मागायला गेलेला त्याचा नातलग हुआन दे साल्दिवार साथीदारांसह मारला गेला. जानेवारी १५९९ मध्ये त्याचा सूड घेतला गेला. शेकडो आकोमावासी मेले, शेकडो कैद झाले. मग रीतसर निवाडा झाला: पंचविशीवरच्या पुरुषांचा एक पाय कापायचा आणि वीस वर्षे गुलामी. प्रत्यक्षात पाय कापले की पायांची बोटे, यावर इतिहासकारांत वाद आहे. आकोमाच्या आठवणीत मात्र पायच आहे.

मग असल्या माणसाचा पुतळा का? तिथल्या हिस्पॅनिक घराण्यांकडे याचे उत्तर आहे, आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. भाषा, मेंढ्या, आडनावे, सारे त्या वाटेने आले. १८४८ नंतर अमेरिकी राजवटीत त्यांच्याही जमिनी गेल्या. मूळपुरुषाचा पुतळा म्हणजे 'आम्हीही इथलेच' हे सांगणे. पायाचा विषय निघाला की ओन्यातेचे पाठीराखे म्हणतात, माणसाला त्याच्या काळाच्या मापाने मोजा.

ठीक आहे, त्याच मापाने मोजू. १६१४ मध्ये मेक्सिको शहरात स्पॅनिश सत्तेनेच ओन्यातेवर खटला चालवून त्याला दोषी ठरवले. आकोमातली क्रूरताही आरोपांत होती. दंड झाला आणि न्यू मेक्सिकोतून कायमची हद्दपारी झाली. म्हणजे त्याच्या काळाने त्याला मोजले होते. पुतळा उभारणाऱ्यांनी तो निकाल बाजूला ठेवला.

'हे घडले' आणि 'हे थोर होते' ही दोन वेगळी विधाने आहेत. पुस्तकाला ती वेगळी ठेवता येतात, चौथऱ्यावरच्या घोड्याला नाही. एल पासो शहराने मधली वाट काढून पाहिली. शिल्पकार जॉन हाउझरच्या अवाढव्य पुतळ्यावरचे ओन्यातेचे नाव २००३ मध्ये काढून 'द इक्वेस्ट्रियन', म्हणजे नुसता 'घोडेस्वार', असे ठेवले आणि २००७ मध्ये तो विमानतळावर उभा केला. नाव गेले, पण घोडा तसाच उधळलेला आहे. मग तो मान कुणाचा? अल्बुकर्कीत ओन्यातेच्या शिल्पसमूहाशेजारी सांता क्लारा पुएब्लो या मूळनिवासी वस्तीतल्या नोरा नारान्हो-मोर्स यांनी एकही आकृती न घडवता मातीतून वळसे घेत उतरणारी पायवाट केली. एक स्मारक मान वर करून पाहायला लावते, दुसरे खाली उतरायला.

जून २०२० मध्ये अल्काल्देचा पुतळा आणि अल्बुकर्कीचा ओन्याते दोन्ही हलवले गेले. इतिहास पुसला, अशी ओरड झाली. पण आकोमाने चारशे वर्षे तो पाय कुठल्याही पुतळ्याच्या आधाराविना लक्षात ठेवला होता. पुतळा आठवण राखत नाही, मान देतो. म्हणून तो काढल्याने फक्त मान जातो.

ओन्यातेबरोबर आलेला धर्म मात्र आकोमाने परत केला नाही. खडकावरचे सान एस्तेबानचे चर्च १६२९ नंतर आकोमाच्याच लोकांनी डोंगरावरून तुळया वाहून आणून बांधले. ते आजही उभे आहे. दरवर्षी २ सप्टेंबरला तिथे संताचा सण होतो आणि आकोमावासी आपले नाच नाचतात.