चिंधीची माय

ज्या आधारांत कांहीं नाहीं त्यापासून मिळणारें समाधान खोटें समजावें काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांनीं बहुधा ईश्वर, परलोक अशा भारदस्त विषयांच्या संबंधांत चर्चिला आहे. दोंडाईच्यास आमच्या घरीं तो एका मांजरानें उपस्थित केला. मिरचीच्या एका वखारींत, पोत्यांच्या आडोशाला, आईवांचून राहिलेलें हें पिलूं घरीं येऊन आतां चार महिने होत आले. दूधभात तें पोटभर खातें. आणि मग रोज दिवेलागणीनंतर जुन्या गोधडीचा एक कोपरा तोंडांत घेऊन, डोळे मिटून, पुढच्या पंजांनीं तो तुडवीत चोखीत बसतें. पंजांची ही हालचाल म्हणजे आईला पान्हा फुटावा म्हणून पिलें करतात तीच. मांजरी आपलीं पिलें सात-आठ आठवड्यांच्या सुमारास अंगावरून तोडते. त्यापूर्वींच आई अंतरली तर ही संवय मागें राहते, असें पुष्कळदां दिसतें. मात्र सयामी आणि ब्रह्मी जातींच्या मांजरांत ती अधिक आढळते, तेव्हां सगळाच दोष पोरकेपणाच्या माथीं मारतां येत नाहीं.

दोंडाईचा हें मिरचीच्या बाजाराचें गांव. तेव्हां कोपऱ्याला तिखट चोळावें, हा उपाय शेजाऱ्यांना प्रथम सुचला यांत नवल नाहीं. मूल अंगावरून तोडतांना आपल्याकडे कडुनिंबाचा रस किंवा कोरफड लावतातच कीं! पण आईच्या अंगाला कडू लागलें तरी आई तेथेंच असते, मुलाला कुशींत घेते. गोधडी तिखट झाली म्हणजे मांजराला उरतें काय?

याहून विचारार्ह आक्षेप एका विद्वान् स्नेह्यांचा होता. "तिखटाचें सोडा," ते म्हणाले, "पण मुक्या प्राण्याला जाणूनबुजून भ्रमांत ठेवणें तुमच्या नीतिशास्त्रांत बसतें काय?" आक्षेप बिनतोड वाटतो, परंतु येथें भ्रम आहे हेंच मला मान्य नाहीं. दोरीवर भासलेला साप दिवा आणतांच नाहींसा होतो. बाध होतांच मावळणें हेंच भ्रमाचें लक्षण. या मांजराला दूध मिळत नसल्याचा प्रत्यय रोज येतो, आणि तरीही त्याची निराशा म्हणून कधीं होत नाहीं. दुसऱ्याच रात्रीं फिटावयाचा भ्रम चार महिने टिकला, याचा सरळ अर्थ असा कीं त्याला दूध नकोच आहे. बाध ठाऊक असूनही इच्छेनें केलेल्या आरोपाला आपले नैयायिक आहार्यज्ञान म्हणतात. तें मांजराच्या पदरीं बांधण्याचें धाडस मी करीत नाहीं. तथापि भ्रमापेक्षां तें नांव वस्तुस्थितीच्या जवळ आहे खरें.

अमेरिकेंत विस्कॉन्सिन येथें हॅरी हार्लो यांनीं वानरांचीं पिलें आयांपासून तोडून वाढविलीं, तेव्हां पिंजऱ्यांत अंथरलेलीं फडकीं धुण्यासाठीं काढूं लागतांच तीं आकांत करीत. मग हार्लोंनीं दोन कृत्रिम आया केल्या, एक तारेची व एक मऊ कापडाची. १९५८ सालीं त्यांनीं मांडलेला निष्कर्ष असा, कीं दूध तारेच्या आईपाशीं ठेवलें तरी पिलूं पिण्यापुरतें तिकडे जाई, आणि बाकीचा बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून राही. (एवढें कळण्यासाठीं पिलांना पोरकें करावें लागलें, ही गोष्ट मला त्या शास्त्राचें कौतुक करूं देत नाहीं.)

वानर आणि मांजर यांच्या पिलांचा दृष्टांत आपल्याकडे फार जुना. रामानुजपंथाची वडगलै शाखा म्हणते, भक्तानें वानराच्या पिलाप्रमाणें देवाला स्वतः घट्ट धरावें; तेंगलै म्हणते, मांजराच्या पिलाप्रमाणें निश्चेष्ट राहावें, आई तोंडांत धरून नेईल. परंतु आई नसलेलें मांजर निश्चेष्ट राहत नाहीं. तेंही वानराप्रमाणें धरतें, हातीं लागेल तें.

विनिकॉट या इंग्रज बालवैद्यानें १९५१ सालीं लहान मुलांच्या लाडक्या चिंधीविषयीं निबंध वाचला. ही वस्तु तूं कल्पिलीस कीं ती बाहेरून आली, हा प्रश्न मुलाला कोणीं विचारावयाचाच नसतो, असें त्याचें म्हणणें. ती चिंधी धुतली तर तिचें मोल जाऊं शकतें, हें आया ओळखून असतात, असेंही तो लिहितो. आमच्या घरीं हें वाचून दाखविलें; परंतु त्या ओल्या कोपऱ्याच्या वासापुढें विनिकॉटचें कांहीं चाललें नाहीं.

चोखणें व गिळणें यांत मात्र भेद केलाच पाहिजे. लोकर किंवा दोरा पोटांत गेला तर आंतडें अडून मांजर प्राणाला मुकूं शकतें. म्हणून लोकरीचे कपडे दूर ठेवणें, सुटे दोरे कापणें, चावूं लागल्यास त्याला खेळाकडे वळविणें, हें कर्तव्यच होय. पण तें त्याच्या आंतड्यासाठीं, सत्याच्या प्रतिष्ठेसाठीं नव्हे.

माणसांच्या बाबतींत आपण या दोहोंची सर्रास गल्लत करतों. पतीच्या उपरण्याची घडी उशाखालीं घेऊन निजणारी एखादी वृद्धा पुष्कळ घरांत असते. त्या घडीनें कोणाचें आंतडें अडत नाहीं. तरी "आतां त्यांत काय आहे?" असें तिचीं सुशिक्षित मुलेंच तिला विचारतात, आणि दिवाळीच्या साफसफाईंत ती घडी बोहारणीच्या गांठोड्यांत जाते. बदल्यांत स्टीलचें एक पातेलें घरीं येतें.