न सापडणे आणि नसणे

एखादी गोष्ट आपणांस सापडली नाही, म्हणून ती नाहीच असे म्हणण्याचा अधिकार केव्हा प्राप्त होतो? भाट्ट मीमांसक व अद्वैत वेदांती 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानतात. मात्र ती 'योग्य' असली पाहिजे, अशी अट घालतात. भर उजेडात भूतलावर घट दिसला नाही, तर घटाचा अभाव सिद्ध होतो. अंधारात दिसला नाही, तर अंधार तेवढा सिद्ध होतो.

आज ग्रंथालयांचे व न्यायनिवाड्यांचे संग्रह संगणकावर आले असून 'प्रगत शोधा'ची सोय हाताशी आहे. 'आणि' या योजकाने शोध आवळतो, 'अथवा'ने विस्तारतो. अवतरणचिन्हांतील शब्द त्याच क्रमाने असतील तरच हाती लागतात. चिटगुप्प्याच्या एखाद्या देवस्थानाच्या इनाम जमिनीसंबंधी जुना निवाडा धुंडाळावयाचा आहे, असे समजू. या भागासाठी उच्च न्यायालयाचे पीठ कलबुर्गीस आहे. परंतु तेवढेच नाव लिहिले, तर २०१४ पूर्वीचे निवाडे निसटतात. तेव्हा ते नगर गुलबर्गा होते. 'कर्नाटक' लिहावे, तर १९७३ पूर्वीचे 'म्हैसूर' राहून जाते. आणि १९५६ पूर्वी हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. खुद्द चिटगुप्पाही रोमन लिपीत कोठे चिटगोप्पा, कोठे चिटागुप्पा होतो. ही नावे 'अथवा'ने जोडल्यावाचून आलेले शून्य म्हणजे अंधारातला घट होय. मोडीतील वा उर्दूतील हस्तलिखित कागद तर कोणी वाचून नोंदविल्याखेरीज अशा शोधास गवसतच नाही.

येथवर प्रश्न कौशल्याचा. पुढे तो नीतीचा होतो. कित्येकदा शून्य हेच आपल्या सोयीचे असते. विरुद्ध जाणारा निवाडा न सापडण्यातच पक्षकाराचे हित असेल, तर दुसऱ्या शोधास वकिलाचा हात जड होतो. 'आढळले नाही' हे त्याचे विधान अक्षरशः खरे असते. पण ऐकणारा ते 'नाही' असेच ऐकतो, आणि त्या एका शब्दावर कोणाची पिढ्यानपिढ्यांची वहिवाट जाऊ शकते. म्हणून ज्या अभावात आपला लाभ आहे, तेथेच शोध अधिक कसून व्हावा, असे आम्हांस वाटते.

यावर कोणी म्हणेल, शोधास अंत तो कोठे? सारेच धुंडाळणे मनुष्याच्या आवाक्यात नाही, हे मान्य. परंतु कोणत्या संग्रहात, कोणत्या नावांनी व कोणत्या वर्षांत पाहिले, हे सांगणे प्रत्येकाच्या आवाक्यात आहे. दिवा किती दूर नेला होता हे सांगितले, म्हणजे उरलेला अंधार ऐकणाऱ्यासही कळतो. आपल्या अज्ञानाची सीमा आखून देणे, हाही सत्यवचनाचाच भाग होय.