शून्य का लिहिलं नाहीस?

शिफारसपत्राचा तो कागद आधी टेबलावरून उचल. त्यावर मी सही करणार नाही, आणि का करणार नाही ते तुला आज बसून ऐकावं लागेल. देहरादूनला भारतीय वन्यजीव संस्थेत एम.एस्सी. करायची, वाघांच्या अधिवासांचे नकाशे काढायचे, त्यातच आयुष्य घालवायचं, असं तू मला पहिल्या वर्षापासून सांगत आलास. ऐकून मला बरं वाटायचं. ताडोब्याचं मोहर्ली गेट आपल्याच तालुक्यात. भद्रावतीच्या पोराने या विद्येत शिरावं, याहून मला वेगळं काय हवं होतं? म्हणून तुझा प्रकल्प मी पानन्‌पान वाचला. वाचला, म्हणूनच संतापलो आहे.

हे नोंदींचे तक्ते बघ. तारखा वेगवेगळ्या, पण अक्षर एका बैठकीतलं, शाई एका पेनाची. घामाचा डाग नाही, दुमडलेला कोपरा नाही, एक खाडाखोड नाही. चितळ किती अंतरावर दिसलं त्या रकान्यात दहा, वीस, तीस, पन्नास मीटर. रानातली जनावरं दहाच्या पाढ्यात उभी राहत नाहीत रे. रेंजफाइंडर डोळ्याला लावला असतास तर सतरा आले असते, त्रेचाळीस आले असते. होकायंत्राने कोन घ्यायचा, तो रकाना तर तिसऱ्या पानापासून तू सोडूनच दिलास. खरं अंतर नाही, कोन नाही, मग चितळांची घनता काढलीस कशावरून?

आणि रानात चालून बघायच्या रेषांपैकी या तीन रेषांवर काहीच लिहिलेलं नाही. विचारलं तर म्हणतोस, "सर, तिथे काही दिसलंच नाही." मग शून्य लिही! चालून गेलो आणि काही दिसलं नाही, ही नोंद आहे. कोरा रकाना म्हणजे तू गेलास की नाही हेच कुणाला कळणार नाही. जनावर कुठे आहे आणि कुठे नाही, या दोन्ही गोष्टी मिळून अधिवास ठरतो. तू अर्धाच जमाखर्च मांडलास, आणि मांडलेला अर्धाही घरी बसून.

याने कुणाचं काय बिघडतं, असं मनात आणू नकोस. राजस्थानात सरिस्काला पंजांच्या ठशांवरून वाघ मोजत होते. कागदावर वाघ होते. २००५ साली उघड झालं की जंगलात एकही उरलेला नाही. देशभर खळबळ उडाली, ठशांची ती जुनी पद्धत मोडीत निघाली आणि दर चार वर्षांनी कॅमेऱ्यांच्या आणि संख्याशास्त्राच्या आधारावर अंदाज काढायची रीत आली. ज्या तक्त्यांत तू मनाचे आकडे घातलेस, ते तक्ते इतकी मोठी किंमत मोजून तुझ्या हातात आलेत.

किंमत म्हटल्यावर आणखी एक गोष्ट ऐक. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्याच्या कोलारा भागात एक महिला वनरक्षक अशाच पाहणीसाठी, वाघाच्या खुणा नोंदवायला, वनमजुरांना घेऊन पायी निघाली होती. वाटेत वाघीण बसलेली दिसली. त्यांनी थांबून वाट पाहिली, मग झाडीतून वळसा घेतला, आणि वाघिणीने त्या बाईला मागून उचललं. ती बाई ज्या कामावर मेली ते काम तू पंख्याखाली बसून उरकलंस. हे तुला लागावं म्हणूनच सांगतोय.

आता नकाशा. रंग सुंदर आहेत, दिशेचा बाण आहे, प्रमाणपट्टी आहे. क्यूजीआयएस तू स्वतःच्या स्वतः शिकलास, त्याबद्दल तुझी पाठ थोपटतो. पण हा हिरवा ठिपका कसला? माजरीच्या बाजूचा. "दाट वन" लिहिलंयस. अरे, तो कोळसा खाणीच्या ओबीचा ढिगारा आहे. खाणीतून उपसलेली माती आणि दगड, त्यावर माजलेली विलायती बाभूळ. सेंटिनेलच्या उपग्रहाला वरून हिरवं दिसलं, त्याने हिरवं सांगितलं. त्याचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे दहा बाय दहा मीटर, आणि त्या चौकोनात ऐन आहे की बाभूळ हे त्याने सांगावं कसं? ते तू जाऊन बघायचं होतंस. बसने अर्ध्या तासाची वाट, आणि तू गेला नाहीस.

त्यातही घोळ बघ. तो ढिगारा वन नाही, पण पडीकही नाही. असल्या झुडपांत या जिल्ह्यात वाघ राहतात. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारात फेब्रुवारी २०२२ मध्ये वाघाने कामगार मारला, आणि लगेच दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुर्गापुरात बिबट्याने एक पोरगा नेला. म्हणजे तिथे वाघाला लपायला जागा आहे आणि दहा पावलांवर माणसाची शिफ्ट सुटते. अशा जागेला नकाशावर वेगळा वर्ग लागतो, वेगळा रंग लागतो. तू तिला साग-बांबूच्या रानात मिसळून टाकलंस. हाच नकाशा उद्या कुणी खरा मानला तर?

शिवाय चित्र घेतलंस एकच, ऑक्टोबरचं. ऑक्टोबरात कपाशी हिरवी, धान हिरवं, साग हिरवा. तुझ्या नकाशात कितीतरी शेतं जंगलात गेली आहेत. आणि मे महिन्याचं चित्र घेतलं असतंस तर उलट झालं असतं. साग तेव्हा उघडा पडतो, उभं रान माळासारखं दिसतं. हिवाळ्याचं एक आणि उन्हाळ्याचं एक अशी दोन चित्रं एकावर एक ठेवली की शेत आणि रान आपोआप वेगळं होतं. हे मी वर्गात सांगितलं होतं. तू तेव्हा मोबाइलमध्ये होतास.

झुडपी जंगलाचा तर तुझ्या नकाशात पत्ताच नाही. विदर्भात राहून? महसुली दप्तरात या नावाने नोंदलेली जमीन आपल्या नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांत ८६ हजार हेक्टरांहून जास्त आहे, आणि ती वनच मानायची असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. त्यावर घरं आहेत, शाळा आहेत, चराईची कुरणं आहेत, जनावरांच्या जाण्यायेण्याच्या वाटाही आहेत. यातलं काय कुठे आहे हे सांगणारी माणसं यापुढे लागणार आहेत. तुझ्यासाठी काम समोर पडलंय आणि तुला सफारीच्या जिप्सीतून मान वर काढायला फुरसत नाही.

हो, जिप्सीचं बोलतोच. वाघिणीचे तुझे फोटो छान आहेत, मी पाहिलेत. पण अर्जात तू लिहिलंस "व्याघ्रगणनेत सहभाग". बुद्धपौर्णिमेला पैसे भरून मचाणावर रात्र काढलीस, तो निसर्गानुभव होता. ती गणना नव्हे. खोडून टाक ते. देहरादूनचे परीक्षक पहिल्याच प्रश्नात विचारतील, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे का लावतात? वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे आणि उजव्या कुशीचे पट्टे सारखे नसतात, एका फोटोत फक्त डावी कूस आणि दुसऱ्या फोटोत फक्त उजवी आली तर एकाचे दोन वाघ मोजले जातात, म्हणून. हे तुला आज सांगता येतं का? येत नाही.

आणि या धंद्यात रोज वाघ दिसतो हेही डोक्यातून काढ. २०१८ च्या देशव्यापी गणनेत कॅमेऱ्यांनी ३ कोटी ४८ लाखांवर फोटो काढले. त्यात वाघाचे किती? ७६,६५१. हजार फोटोंत दोन. बाकी गुरं, चितळ, रानडुकरं, मोहफुलं वेचणाऱ्या बाया, वाऱ्याने हललेलं गवत. ते सगळं निवडणं हेच काम. ज्याला हे नकोसं वाटतं त्याने छायाचित्रकार व्हावं, त्यातही मान आहे. पण संशोधक व्हायचं तर संख्याशास्त्र लागेल. तू ते बी.एस्सी.ला ऐच्छिक म्हणून टाळलंस. देहरादून काय, बंगळुरूचं एनसीबीएस काय, जागा मोजक्याच असतात आणि देशभरातून पोरं येतात. तिथे भद्रावतीचा आहेस म्हणून कुणी सूट देणार नाही. तुझ्याकडे त्यांच्याहून जास्त एकच गोष्ट आहे, हे रान तुझ्या उंबऱ्याशी आहे. तीच तू वापरली नाहीस.

वापरायची कशी ते गडचिरोलीत जाऊन बघ. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा, देशात सामूहिक वनहक्क सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांपैकी एक, २००९ साली. त्या गोंड माणसांनी आधी गावात अभ्यासगट बसवला, मग जंगलाचा हक्क मागितला. त्यांचे पुढारी देवाजी तोफा यांच्या या गावात अभ्यासाला जो मान आहे तो आपल्या कॉलेजात आणायला मला आवडेल.

आता काय करायचं ते ऐक. हे तक्ते मी ठेवून घेतोय, तुला परत मिळणार नाहीत. वनपरिक्षेत्र कार्यालयातून परवानगीची मुदत वाढवून आण. एकटा रानात शिरायचं नाही, बीटच्या वनरक्षकाला सांगितल्याशिवाय तर मुळीच नाही. पहाटे रेषा चाल, अंतर मोज, कोन घे, पेन्सिलीने तिथल्या तिथे लिही. काही दिसलं नाही तर शून्य. नकाशावर प्रत्येक वर्गाचे ठिकठिकाणचे बिंदू काढ आणि प्रत्येक बिंदूवर स्वतः उभा राहून फोटो घे, ढिगाऱ्यावरसुद्धा. जिथे तुझा नकाशा चुकला तिथे चुकला असं अहवालात लिही. नकाशा किती टक्के बरोबर आला हा आकडा ज्या अहवालात नाही, तो मी यापुढे वाचणार नाही. संख्याशास्त्राच्या मॅडमना मी बोलून ठेवलंय, सोमवारपासून त्यांच्या तासाला मागे बसायचं.

आणि तुझ्यासोबत पहिल्या दिवशी आलेले ते वनमजूर मामा. खूर बघून रोही की सांबर हे तुला त्यांनी सांगितलं, ऐन आणि अर्जुन साल दाखवून त्यांनी ओळखायला लावले. अहवालात त्यांचं नाव कुठे आहे? मी दोनदा शोधलं. त्यांचा दिवसाचा रोज दिलास का? नसेल दिला तर आज घरी जाताना आधी तिकडे जा.