हक्कसोड

वडिलांच्या निधनानंतर तलाठ्याकडे वारसनोंद होते आणि नव्या सातबाऱ्यावर घरातील साऱ्यांची नावे एकाखाली एक उमटतात. आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर) हा कागद पुष्कळदा ट्रंकेत जातो आणि वर्षानुवर्षे त्याविषयी कुणी बोलत नाही. कुणाचा वाटा किती हे विचारणे म्हणजे घर फोडणे, अशी आपली समजूत.

वास्तविक हिशेब अवघड नाही. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता निवर्तला, तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. विधवेला एक तृतीयांश; उरलेले दोन तृतीयांश मुलांत समान, आणि त्यात मुलगा-मुलगी हा भेद नाही. समजा, शेत सहा एकर, म्हणजे २४० गुंठे; मागे पत्नी, दोन मुलगे, दोन मुली. आईचे ८० गुंठे, प्रत्येक अपत्याचे ४०. शेकड्याच्या भाषेत आईचे ३३.३३, प्रत्येक अपत्याचे १६.६७. जुनी माणसे आणेवारीने सांगतील : आई ५ आणे ४ पै, अपत्ये प्रत्येकी २ आणे ८ पै. एखादा मुलगा बापाआधीच वारला असेल, तर त्याचे ४० गुंठे त्याच्या लेकरांचे.

त्रावणकोरातील ख्रिस्ती मुलींना एवढेही नव्हते. तेथील १९१६ च्या कायद्याने मुलीला मुलाच्या वाट्याच्या चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतील कमी असेल तेच मिळे. मेरी रॉय या शिक्षिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली तेथील भगिनींनाही १९२५ चा कायदा लागू असल्याचा निर्णय झाला. आपल्याकडे झगडावे लागले नाही. म्हणूनच की काय, आपल्याला त्याची किंमत नाही.

सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला लेकी माहेरी येतात. जेवणे उरकल्यावर भाऊ कागद पुढे सरकवतो. "ताई, एवढी सही दे." हक्कसोडपत्राच्या नोंदणीचा दिवसही ठरलेला असतो. माहेरचा उंबरठा परका होऊ नये म्हणून ताई सही करते, आणि आपण तिच्या त्यागाचे कौतुक करतो. परंतु देण्यासाठी वस्तू आधी आपली असावी लागते. चाळीस गुंठे तुझे आहेत, असे जिला कुणी कधी सांगितलेच नाही, तिने नेमके काय दिले?

भावाचीही बाजू आहे, आणि ती हलकी नाही. विहीर त्याने खोदली, सोसायटीचे कर्ज त्याने फेडले, आईच्या आजारपणात रात्री त्याने जागून काढल्या. १६.६७ या आकड्याला यातले काहीच ठाऊक नसते. मग त्याने हे सारे भावंडांपुढे मांडावे. विहिरीचा खर्च सांगावा, कर्जाच्या पावत्या दाखवाव्यात. बहीण ते ऐकून वीस गुंठे सोडील, कदाचित चाळीसही सोडील. तेव्हा ते दान होईल. न सांगता घेतलेली सही, ती कितीही हसतमुखाने दिलेली असो, मला दान वाटत नाही.

अशा वेळी लूकच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय हमखास पुढे केला जातो. वतनाचा वाटा मागणाऱ्या माणसाला प्रभूने वाटणी करून देण्यास नकार दिला व लोभापासून जपण्यास सांगितले. हा उतारा मागणाऱ्या बहिणीलाच का ऐकवला जातो, हे कोडे मला उलगडलेले नाही. ज्याच्या ताब्यात सारे शेत आहे, त्यालाही लोभ शिवू शकतो. गणनाच्या पुस्तकात सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे, साऱ्या मंडळीदेखत उभ्या राहिल्या व बापाच्या वतनात हिस्सा मागितला. परमेश्वराने त्यांचे म्हणणे रास्त ठरवले. त्यांना भाऊ नव्हता, हे खरे. पण मागितल्याबद्दल त्यांना कुणी लोभी म्हटले नाही.

आईच्या ८० गुंठ्यांचा तर विषयच निघत नाही. ते तिच्या पूर्ण मालकीचे. मृत्युपत्राने ती ते कुणालाही देऊ शकते, लेकीलासुद्धा. कित्येक घरांत हीच आई औषधाच्या गोळ्यांसाठी मुलाकडे पैसे मागते, आणि तिचे नाव असलेला सातबारा तिच्याच खाटेखालच्या ट्रंकेत असतो.