तवसाळीचा नैवेद्य

तवसाळी हा कोकण-गोव्याकडचा पावसाळी केक. पिकून पिवळी पडलेली जाड सालीची मोठी काकडी, म्हणजे तवसे, किसून घेतात. त्यात तुपावर भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, ओले खोबरे आणि वेलची मिसळतात. वेगळे पाणी घालावे लागत नाही, किसाला सुटलेल्या रसातच रवा फुगतो. जाड बुडाच्या पातेल्याखाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवले की दोन्ही अंगांनी खरपूस रंग चढतो. काही घरांत यालाच धोंडस म्हणतात. अंडे नसल्यामुळे देवापुढे ठेवण्यात अडचण नाही. अडचण आहे ती वेगळीच. तवसे जसेच्या तसे वाहता आले असते, मग ते किसून, भाजून वाहिल्याने नैवेद्यात नेमकी कशाची भर पडते?

भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात भक्ताने काय अर्पावे याची यादी येते ती चार वस्तूंची: पान, फूल, फळ, पाणी. चारांपैकी एकीलाही चूल लागत नाही. गरिबातल्या गरिबालाही जमेल असे हे अर्पण, असा त्याचा अर्थ सहसा लावतात, आणि तो बरोबरच आहे. पण तिसऱ्या अध्यायात, जो केवळ स्वतःसाठी रांधतो तो पाप खातो, असेही सांगितले आहे. दोन्ही एकत्र वाचली की एक भेद दिसतो. झाडावर पिकलेले फळ कोणासाठी पिकले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. चुलीवर चढलेले पातेले मात्र कोणासाठी तरी चढवलेले असते. म्हणजे रांधण्याबरोबर हेतू येतो, आणि अर्पणाची गरज फळापेक्षा हेतूलाच अधिक असते.

वैदिक यज्ञविधीने शिजवलेल्या बाजूलाच झुकते माप दिले. नवे पीक आले की ते खाण्याआधी आग्रयण इष्टी करायची, शरदात भाताची आणि वसंतात जवाची. नवे धान्य कांडून, दळून, मळून त्याची पुरोडाश नावाची यज्ञातली रोटी भाजत. इंद्राग्नींचा पुरोडाश बारा कपालांवर, म्हणजे मांडून ठेवलेल्या खापरांवर, भाजला जाई. कोकणात ‘नवे’ करताना मात्र भाताच्या लोंब्या न सोलता दाराला बांधतात आणि नव्या तांदळाची खीर आत चुलीवर शिजते. दोन्ही एकाच दिवशी होते, आणि त्यात विसंगती आहे असे कोणाला वाटत नाही.

कच्चे श्रेष्ठ की रांधलेले, हा वाद यहुदी परंपरेत उघडपणे मांडलेला सापडतो. तन्हुमा या मिद्राशात, म्हणजे धर्मग्रंथावरील भाष्यात, रोमन अधिकारी टर्नस रुफस रब्बी अकिवांना विचारतो, की देवाचे काम श्रेष्ठ की माणसाचे? विषय खरे तर सुंतेचा आहे. अकिवा त्याच्यापुढे गव्हाची कणसे आणि भाजलेले केक ठेवतात. कणसे देवाची, केक माणसाचे, आणि खायला बरे ते केकच. युक्तिवाद चलाख आहे, पण तो गरजेपेक्षा जास्त सिद्ध करतो. तो तसाच ताणला तर नुसते फळ वाहणे हे अर्धवट काम ठरेल. कोकणातल्याच बेने इस्रायल समाजाचा मलिदा याला उत्तर देतो. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि वर फळे, असे ताट प्रेषित एलियाहू हन्नावींच्या स्मरणार्थ मांडतात. ते न भाजताच पूर्ण मानले जाते.

तेव्हा श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्यापेक्षा, रांधताना माणूस स्वतःचे काय देतो हे पाहणे अधिक उपयोगाचे. श्रम तर देतोच. त्याखेरीज तो जीभ आवरतो. नैवेद्य चाखायचा नाही हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो, आणि तवसे त्याची कसोटीच पाहते. देठाकडचा भाग कडू निघण्याची भीती असते. म्हणून देठाची चकती कापून ती कापलेल्या जागीच घासून फेस काढतात. पण कडूपणा खरोखर उतरला की नाही हे जिभेशिवाय कळत नाही, आणि गुळाने किंवा विस्तवानेही तो जात नाही. शबरीची बोरे इथे आठवतात. वाल्मीकी रामायणात ती रामासाठी रानातली फळे गोळा करते, पण उष्ट्या बोरांची गोष्ट त्यात नाही, ती मागाहून आली. लोकमनाला ती सुचावी हे महत्त्वाचे. तिथे चाखणे अपराध ठरत नाही, पाहुण्याला आंबट बोर जाऊ नये एवढीच काळजी त्यामागे असते.

घरोघरी तोडगा साधा असतो. किसण्यापूर्वी, अजून त्याला नैवेद्य म्हटलेले नसताना, देठाजवळची एक कापटी चाखायची आणि ती पातेल्यात जाऊ द्यायची नाही. उष्टेपण येते ते अर्पणासाठी काढलेल्या भागाला, तवसे त्या वेळी फक्त बाजारातून आलेले असते. कडक सोवळे पाळणाऱ्याला एवढीही पळवाट नको असेल तर किस न चाखताच पातेल्यात जातो. मग कडू निघालीच, तर ती तवसाळी आधी देवापुढे जाते आणि नंतर प्रसाद म्हणून सगळ्यांच्या हातावर.